समुद्रकाठची वाट आणि मुलींचे वसतिगृह
(संघाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आम्हां पाच मित्रांना आज या व्यासपीठावर बोलाविण्यात आले, ते आम्ही काही विद्वान आहोत म्हणून नव्हे. आमच्यापैकी एक निवृत्त शिक्षक, एक एस. टी.चे कंडक्टर, एक किराणा दुकानदार, एक राहुरीकडील शेतकरी आणि एक बँकेतून निवृत्त झालेले कारकून. वये बावन्न ते सदुसष्ट. गेल्या जानेवारीत आम्ही रेवस बंदरापासून दापोली तालुक्यातील मुरूडपर्यंत समुद्रकाठाने पायी गेलो, आणि प्रत्येक किलोमीटरमागे ज्ञातिबांधवांनी आपल्या संघाच्या नियोजित विद्यार्थिनी वसतिगृहासाठी काही रक्कम द्यावी, अशी विनंती केली. त्याचा वृत्तांत सांगावा, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. पाचांच्या वतीने एकाने बोलायचे ठरले असल्यामुळे आम्ही जे ‘आम्ही’ म्हणू, ते पाचांचे समजावे. मतभेद झाले तेथे तसे सांगू.

प्रथम या खटाटोपाचे कारण सांगितले पाहिजे. आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. चौदा तालुके. अकोल्याच्या डोंगरातील मुलीला नगरला शिकावयास यावयाचे तर शंभर किलोमीटरहून अधिक अंतर पडते. (शहराचे व जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, आमच्या जिभेला ‘नगर’ची सवय आहे, ती एका वर्षात जाणार नाही, याबद्दल क्षमा असावी.) २०२२ साली आपल्याच ज्ञातीतील अकोले तालुक्यातील एक मुलगी बारावीस उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. येथील एका महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला. वसतिगृहात जागा मिळाली नाही. भाड्याच्या खोलीचे पैसे वडिलांना झेपणारे नव्हते आणि खोली मिळाली तरी एकट्या मुलीस तेथे ठेवण्याचे धैर्य त्यांना होईना. आमच्यापैकी दोघांनी त्यांच्याबरोबर नगरात तीन दिवस फिरून पाहिले. चौथ्या दिवशी ती मुलगी वडिलांबरोबर परत गेली, आणि पुढच्या वैशाखात तिचे लग्न झाले. लग्नाचे आमंत्रण आम्हांस आले होते. आम्ही गेलो, जेवलो आणि परतीच्या गाडीत कोणी कोणाशी बोलले नाही.

वसतिगृहाची कल्पना मात्र त्याहून जुनी. संघाच्या निधीसाठी पावतीपुस्तके छापून नऊ वर्षे झाली होती आणि त्यांतील बरीचशी कोरीच होती. या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी अशी कोरी पुस्तके अद्याप असतील. हा टोमणा नव्हे. आमच्याही घरी होती.

पायी जाण्याची कल्पना आमच्या कंडक्टर मित्रांची. त्यांच्या भाच्याने इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील एका पायवाटेची हकीगत त्यांना सांगितली होती. माइनहेडपासून पूल बंदरापर्यंत ही वाट ६३० मैल जाते. पूर्वी चोरटा माल उतरविणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी किनाऱ्यावरील पहारेकरी जी वाट तुडवीत, तीच पुढे पदयात्रींची झाली. तेथे मित्रमंडळी मिळून ती वाट चालतात, आणि ओळखीचे लोक त्यांच्या चालण्यामागे रुग्णालयास किंवा अनाथालयास पैसे देतात. हे ऐकून आमच्यातील दुकानदार म्हणाले, ‘तात्या, साहेबाचं सगळं उलटं. चालणार हा, आणि पैसे देणार दुसरा!’ आम्ही सर्व हसलो.

परंतु पुढे विचार करता हे इतके परके वाटेनासे झाले. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी आपल्याच जिल्ह्यातून पंढरपुरास जाते. दिंड्या येतात त्या दिवशी आपल्या घरांतून काय होते, ते आठवावे. भाकरींच्या चवडी बांधल्या जातात, कोणी चहा देतो, कोणी वारकऱ्याचे पाय चेपतो. आणि घरातील एखादी म्हातारी, जिच्याने आता चालवत नाही, ती कनवटीचे पाच-दहा रुपये वारकऱ्याच्या हाती देऊन म्हणते, ‘माझ्या नावानं इठोबाच्या पायावर घाला.’ ज्याच्याने जाववत नाही त्याने जाणाऱ्याच्या पदरात आपले काही घालावे, म्हणजे त्याच्या चालण्यात आपलेही चार पाय पडतात, हा व्यवहार आपल्या आयांना इंग्रजाने शिकविलेला नाही. फरक इतकाच, की वारकरी देवाकडे जातो आणि आम्ही वसतिगृहाकडे निघालो होतो.

समुद्रकाठच का, असे पुष्कळांनी विचारले. नगरहून पंढरपूर किंवा शिर्डी ही वाट सोपी होती. परंतु त्या वाटांवर आधीच इतके लोक चालतात, की आमच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नसते. दुसरे कारण थोडे हौसेचे आहे, ते लपविण्यात अर्थ नाही. आमच्यापैकी तिघांनी समुद्र नीट पाहिलाच नव्हता. आपल्या दुष्काळी मुलखातील माणसाला पाणी म्हटले, की मुळा नाही तर भंडारदरा एवढेच आठवते. निवृत्त शिक्षकांनी मात्र एका गोष्टीची आठवण करून दिली, की या शहराला एके काळी समुद्र होता. निजामशाहीचे बंदर चौल. १५०८ साली चौलच्या खाडीत पोर्तुगिजांच्या आरमाराचा पराभव झाला आणि त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लढाईत पडला. पुढे १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीनेच त्यांनी तेथे किल्ला बांधला. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहाने त्याला वेढा घातला, तो महिनोन् महिने चालूनही किल्ला हाती आला नाही. त्या तटबंदीचे अवशेष आज रेवदंड्यास माडांच्या वाड्यांतून उभे आहेत. नगरच्या भुईकोटाखालून रोज जाणारी माणसे आम्ही. रेवदंड्याच्या पडक्या तटाखाली बसून भाकरी खाताना, आपल्याच गावची जुनी भांडणे येथे येऊन भांडली गेली होती, याचे मोठे नवल वाटले.

निघण्यापूर्वी आम्ही तीन नियम केले. प्रवासाचा, जेवणाचा, मुक्कामाचा खर्च प्रत्येकाने स्वतःच्या खिशातून करावयाचा. निधीतील एका पैशास हात लावावयाचा नाही. दर किलोमीटरास किमान एक रुपया, जास्त ज्याच्या त्याच्या इच्छेप्रमाणे. आणि परत आल्यावर अंतराचा हिशेब कोषाध्यक्षांपुढे ठेवावयाचा. नियम सोपे दिसले, तरी पहिल्याच आठवड्यात त्यांवरून वाद झाला. आगरदांड्याहून दिघीस आणि पुढे बागमांडल्याहून वेसवीस जाताना खाडी फेरीबोटीने ओलांडावी लागते. ते अंतर मोजावयाचे की नाही? शेतकरी मित्र म्हणाले, ‘बोटीत आपण उभे होतो, म्हणजे पायांवरच होतो.’ मत घेतले, चार विरुद्ध एक, आणि खाडीवरील अंतर वगळण्यात आले. रस्त्याच्या हिशेबाने एकूण सुमारे दोनशे किलोमीटर भरले.

आता ज्या आक्षेपाचे उत्तर या सभेत दिल्याशिवाय आम्हांस खाली बसता येणार नाही, तो आक्षेप. आपल्या ज्ञातीतील एक वडीलधारे गृहस्थ, ज्यांचा आम्ही सर्व आदर करतो, ते निघण्याच्या आदल्या दिवशी आम्हांस म्हणाले, ‘अरे, तुम्ही पाच जण अकरा दिवस खाणार, राहणार, गाडीभाडे देणार. तेवढीच रक्कम निधीत टाका आणि घरी स्वस्थ बसा. वसतिगृहाच्या भिंतीला तुमच्या पायांच्या फोडांचा काय उपयोग?’

बंधूंनो, कागदावर हा आक्षेप बिनतोड आहे. आम्ही त्यावर बराच विचार केला, वाटेनेही केला. आम्ही चाललो त्यात आम्हांस आनंद झाला. तपश्चर्या केल्याचा आव आम्ही आणणार नाही. दिवेआगरच्या पुळणीवर पहाटे चालताना जे सुख मिळाले, त्याची किंमत खरे तर आम्हीच निधीस द्यावयास हवी. तथापि वडिलांनी एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. आमचा सगळा खर्च निधीत घातला असता तर पाच पावत्या फाटल्या असत्या. आम्ही चाललो, म्हणून ज्यांनी नऊ वर्षांत पावतीपुस्तकाकडे पाहिले नव्हते, त्यांनी रोज रात्री दूरध्वनी करून विचारले, की आज कुठवर आलात? ज्याने एक रुपया लावला होता, तोही विचारी. माणसाचा पैसा ज्या कामात गुंतला, त्यात त्याचे मनही थोडे गुंतते.

पैसा थोडा असला म्हणून काम थोडे होत नाही, हे महाराष्ट्राने पूर्वी पाहिलेले आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसाफंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्यास पाठबळ दिले, आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली, आणि वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांत आपल्या जिल्ह्यातील किती घरांची मुले शिकली, ते येथे सांगावयास नको. कोपरगाव, श्रीरामपूर, कर्जत येथील मंडळी समोर बसली आहेत.

परंतु आमच्या वाटेशी ज्यांचा सर्वांत निकटचा संबंध, ते महर्षी धोंडो केशव कर्वे. आमचा शेवटचा मुक्काम जे मुरूड, ते त्यांचे गाव. (जंजिऱ्याजवळचे मुरूड निराळे, तेही वाटेवरच लागते, आणि या दोन मुरुडांनी दूरध्वनीवरून विचारणाऱ्यांचा फार गोंधळ केला. पाचव्या दिवशीच ‘मुरूडला पोहोचलो’ म्हटल्याबरोबर श्रीगोंद्याच्या एका बांधवांनी पूर्ण दोनशे रुपये पाठवून दिले. ते आम्ही परत केले नाहीत.) १८७५ साली सतरा वर्षांचे कर्वे काही सोबत्यांसह या मुरूडहून निघाले आणि पावसाळ्याच्या दिवसांत सह्याद्री ओलांडून, शंभराहून अधिक मैल पायी चालून परीक्षेसाठी साताऱ्यास पोहोचले. तेथे परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहून, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. एवढे चालून रिकाम्या हातांनी परत! अकोल्याची ती मुलगी आणि तिचे वडील परतीच्या गाडीत बसले तेव्हा त्यांच्या मनात काय असेल, हे आम्हांस त्या गोष्टीवरून थोडेसे कळते.

त्याच कर्व्यांनी पुढे आपल्या गावासाठी मुरूड फंड काढला. गावाबाहेर मिळविणाऱ्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतील अल्पसा अंश गावाच्या कामासाठी बाजूस काढावा, अशी ती योजना होती. आपल्या ज्ञातीतील मुंबई-पुण्यास, पिंपरी-चिंचवडला असणाऱ्या बांधवांनी या योजनेचा जरूर विचार करावा. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. दिवसा फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवावयाचे आणि संध्याकाळी आश्रमाचे सामान घेऊन चिखलातून पायी हिंगण्यास जावयाचे, असा त्यांचा क्रम होता. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. सत्तरी उलटल्यावर त्यासाठी देशोदेशी हिंडून त्यांनी वर्गणी मागितली. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नव्हत्या तेथील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढून पुण्यात पुन्हा दारोदार फिरू लागले. १९५८ साली शंभराव्या वर्षी त्यांस भारतरत्न मिळाले. आमच्यातील सदुसष्ट वर्षांच्या कारकुनांनी हे ऐकून चप्पल पुन्हा पायात चढविली, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

त्या कारकुनांचीच गोष्ट आता सांगावयाची आहे.

समुद्रकाठी चालणे दिसते तितके सोपे नाही. कोरड्या वाळूत पाय घोट्यापर्यंत रुततो आणि एका किलोमीटरात तीन किलोमीटरांचा शीण येतो. ओहोटी लागली, म्हणजे ओली पुळण सडकेसारखी कठीण होते. तेव्हाच पाऊल उचलावयाचे. ओहोटी केव्हा, हे आम्हां घाटावरच्या लोकांस कसे कळावे? दिवेआगरच्या वाटेवर एका वृद्ध कोळ्याने आम्हांस हिशेब शिकविला. तिथीची पाऊणपट करावी. तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असली, तर चाराची पाऊणपट तीन. तीन वाजता भरती भरली आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीस सहा वाजता भरती. दर दिवशी वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे जाते. पंचांगाचा असा उपयोग आमच्या घराण्यांत कोणी केला नव्हता. तेव्हापासून आमचा दिवस घड्याळावर न चालता तिथीवर चालू लागला. कधी पहाटे चारला निघावयाचे, कधी दुपारपर्यंत सुरूच्या बनात पडून राहावयाचे. जेथे पुळण संपून कातळ लागे, तेथे जांभ्या दगडाच्या पाखाड्या चढून गावातील सडकेला यावे लागे.

कारकुनांना मधुमेह आहे. ही गोष्ट त्यांनी आमच्यापासून लपविली नव्हती, पण सहाव्या दिवशी टाचेला जखम झाली, ती मात्र त्यांनी दोन दिवस मोज्यात लपविली. श्रीवर्धनला कळले तेव्हा डॉक्टरांनी त्यांस स्पष्ट सांगितले, की पुढे एक पाऊलही टाकाल तर पाय गमवाल. आम्ही त्यांना एस. टी.त बसवून दिले. गाडी सुटताना ते खिडकीतून म्हणाले, ‘माझ्या नावावर चाळीस घरांनी पैसे लावलेत रे.’

तेथून पुढे आमचे चौघांचे चालणे झाले, परंतु खरा पेच परत आल्यावर उभा राहिला. चाळीस घरांपैकी काहींनी पूर्ण रक्कम दिली. काहींनी निम्मे अंतर, म्हणून निम्मे पैसे दिले. त्यांना दोष देता येत नाही, ठराव तसाच होता. एका गृहस्थांनी मात्र, संकल्पच मोडला असल्यामुळे देणे लागत नाही, असे उत्तर पाठविले. आम्ही चिडलो. आमच्या कंडक्टर मित्रांनी त्यांस दूरध्वनी करावयाचे ठरविले होते आणि ते काय बोलले असते, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही. कारकुनांनीच त्यांस थांबविले. पाय बरा होण्यास अडीच महिने लागले. डॉक्टरांची परवानगी मिळताच त्यांनी रोज सकाळी भुईकोट किल्ल्याच्या बाजूच्या रस्त्याने थोडे थोडे चालावयास प्रारंभ केला. वहीत तारीख आणि अंतर लिहीत. राहिलेले अंतर त्यांनी असे उन्हाळ्यात, एकट्याने, नगरातच पुरे केले आणि वही कोषाध्यक्षांकडे नेऊन दिली. ज्यांनी निम्मे दिले होते त्यांपैकी बहुतेकांनी, न मागता, उरलेले पाठविले. ज्यांनी नकार दिला होता त्यांचे अजून आलेले नाही.

आता देणाऱ्यांविषयी. कोणी किती दिले, तो तपशील कोषाध्यक्षांच्या हिशेबात आहे. आम्ही येथे रकमा सांगत नाही. परंतु आम्हांस जे दिसले ते सांगितले पाहिजे. जाहीर सभेत ज्यांनी मोठे आकडे बोलून टाळ्या घेतल्या, त्यांतील काहींचे आकडे अद्याप बोललेलेच आहेत. संकल्पिलेल्या रकमेपैकी सुमारे चौथा हिस्सा येणे आहे आणि त्यातील बराचसा मोठ्या घरांकडे आहे. उलट संगमनेरच्या भगिनींच्या एका भिशीने, आम्ही घरी पोहोचण्यापूर्वीच, एक पूर्ण महिन्याची भिशी निधीत भरून टाकली. त्या महिन्यात ज्या बाईचा नंबर होता, तिने आपण होऊन तो सोडला. पाथर्डी तालुक्यातील एका ऊसतोडणी करणाऱ्या कुटुंबाने दर किलोमीटरास एक रुपया लावला होता. ते कारखान्याच्या तळावर होते, त्यांस आमचा पत्ता नव्हता. पट्टा पडल्यावर गावी आले आणि दोनशे रुपये घेऊन कार्यालयात हजर झाले. त्यांची मुलगी आठवीत आहे.

म्हणून आमची कार्यकारिणीस एक विनंती आहे, आणि येथे आमचे संघाच्या प्रथेशी मतभेद आहेत, ते आम्ही स्पष्ट मांडतो. आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी रकमेच्या क्रमाने छापतात. वर छायाचित्रासह मोठे दाते, खाली बारीक टाइपात लहान. ही पद्धत या वेळी बाजूस ठेवून यादी तालुकावार, अकारविल्हे, एकाच टाइपात छापावी. काही मंडळींचे म्हणणे, की छायाचित्र न छापल्यास मोठा दाता पुढील वर्षी देणार नाही. असे होण्याचा संभव आहे, हे आम्ही नाकारीत नाही. आमच्यातील दुकानदारांचेही तेच मत आहे आणि ते व्यवहार आमच्याहून अधिक जाणतात. पण चौघांचे मत असे पडले, की ज्या वसतिगृहात मुली एका पंगतीस बसणार, त्याची यादी उतरंडीची नसावी. निर्णय कार्यकारिणीने घ्यावा. आम्ही तो मान्य करू.

वाटेतील आदरातिथ्याविषयी बोलू लागलो तर सायंकाळ होईल. एवढेच सांगतो, की अकरा रात्रींपैकी सात रात्री आम्हांस मुक्कामाचे पैसे द्यावे लागले नाहीत. आमची ज्ञात विचारली गेली ती एकदाच, आणि तीही केवळ आम्ही काय खातो हे कळावे म्हणून. वेळासच्या एका घरी कासवांच्या घरट्यांची गोष्ट ऐकली. समुद्री कासवी किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालते, आणि गावची मंडळी ती राखून पिले समुद्रात सोडतात. ज्या बाईंनी आम्हांस उकडीच्या भाताची पेज वाढली, त्यांनी वसतिगृहाचे ऐकून, आमच्या ज्ञातीच्या नसताना, शंभर रुपयांची नोट हाती ठेवली. पावती कोणत्या नावाने फाडावी हे विचारले, तर म्हणाल्या, ‘मुलीच्या नावान् फाडा. खंयच्या पन मुलीच्या.’ ती पावती तशीच फाडली आहे. लेखापरीक्षकांनी हरकत घेऊ नये.

आणखी एक गोष्ट. निघण्यापूर्वी शेवगावच्या आपल्या एका आजींनी आम्हांस घरी बोलाविले. वय नव्वदीच्या आसपास. त्यांनी एकवीस रुपये दिले आणि म्हणाल्या, ‘म्या काही दर्या पाह्यला नाही. पोरांनो, माझ्या नावानं एक नारळ सोडा, आन् थोडंसं पाणी आणा.’ हरिहरेश्वरास आम्ही नारळ सोडला आणि एका बाटलीत पाणी भरून घेतले. बाटलीने शेतकरी मित्रांच्या पिशवीतून उरलेला सगळा प्रवास केला, एकदा ती फुटता फुटता वाचली. परत आल्यावर आम्ही पाचही जण शेवगावला गेलो. कारकून काठी टेकीत आले. आजींनी तळहातावर पाणी घेतले, जिभेला लावले आणि तोंड वेडेवाकडे करून म्हणाल्या, ‘एवढं खारं? मंग याचा उपेग काय?’ यावर आम्हांपैकी कोणासही उत्तर सुचले नाही. मग त्यांनी विचारले, की त्या मुलींसाठी जे बांधणार तिथं नळाला पाणी असंल ना? जागेचा प्रश्न पुढे ज्या समितीसमोर येईल, तिने ही चौकशी ध्यानात ठेवावी.

येत्या जानेवारीत मुरूडपासून पुढे, दाभोळची खाडी ओलांडून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी आणि जयगडपर्यंत जाण्याचा आमचा विचार आहे. या वेळी भगिनींची स्वतंत्र तुकडी निघावी, अशी संगमनेरहून मागणी आली आहे; तिचे आम्ही स्वागत करतो. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी डॉक्टरांचा लेखी दाखला आणावा, हा नवा नियम स्वतः कारकुनांनी सुचविला आहे. सरावासाठी आम्ही कार्तिकापासून दर रविवारी पहाटे पाच वाजता भिंगारहून चांदबिबीच्या महालाकडे चालत जातो. तो महाल वस्तुतः सलाबतखानाची कबर आहे, पण चढण आपल्याला हवी तशीच आहे. येणाऱ्यांनी जुनी, पायात मुरलेली पादत्राणे घालावीत आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवावी. पावतीपुस्तके कंडक्टर मित्रांच्या पिशवीत असतात.